सहाव्या घरातली घूम

मी बोलतोय, पण माझ्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते आधीच ठरवून घ्या. माझा धंदाच खोटं बोलण्याचा आहे. माझ्या अंगावर चामडं नाही, पोटात पोकळी नाही, तरी मी ढोलकी म्हणून वाजतो, ताशा म्हणून वाजतो, संबळ म्हणून वाजतो, आणि ऐकणारे खुशाल नाचतात. तेव्हा पुढं एखादी गोष्ट जरा फुगलेली वाटली तर समजून घ्या. फक्त पुसेगावची गोष्ट तेवढी जशी घडली तशी सांगणार आहे.

लोक मला ऑक्टोपॅड म्हणतात, घाईत असले की नुसतं पॅड. पाटाएवढा काळा ठोकळा, खाली तीन पायांचा स्टँड. छातीवर रबराचे आठ चौकोन, वर चार, खाली चार. मी त्यांना माझी घरं म्हणतो, कारण प्रत्येकात एक आवाज राहायला असतो. काठीनं ज्या घराचं दार वाजवाल त्या घरातला आवाज बाहेर येतो. वरच्या अंगाला बारकी काचेची पाटी आहे, तिच्यावर आकडा उमटतो. आकडा बदलला की आठही घरांतले भाडेकरू एकदम बदलतात. माझ्यात एकतीस आकड्यावर भजन आहे, आणि त्याला लागून बत्तिसावर घोडा, बंदूक आणि पोलिसांच्या गाडीचा भोंगा. हा शेजार लावून देणारे महेबूबभाई. त्याचा त्रास एका आरतीला झाला, तो पुढं सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं पांढऱ्या हातमोज्यांतल्या बायांनी माझ्या प्रत्येक घरावर एकेकदा टिचकी मारली आणि खोक्यात घालून दिलं. हातमोज्यातला तो शेवटचा हात. त्यानंतर माझ्या नशिबी आले ते वारंगा फाट्यावरचे महेबूबभाई, पान खाऊन रंगलेल्या बोटांचे.

महेबूबभाईंचे अब्बा तबल्या-पखवाजाच्या पुड्या बसवायचे. पाच तालुक्यांतले वाजवणारे त्यांच्याकडं यायचे. महेबूबभाईंनी चामडं सोडून वायर धरली. फाट्यावर मंडप, साउंड आणि वाद्यदुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि लग्नसराईत मला गळ्यात अडकवून वरातीत वाजवायला लागले. सात वर्षं आम्ही वराती केल्या. एकदा त्यांच्या काठीचा धक्का आकड्याच्या कळीला लागला, बत्तीस आला आणि माझ्यातून घोडा खिंकाळला. नवरदेवाच्या घोडीनं मान वळवली, उत्तर दिलं, आणि नवरदेवाला पाठीवर घेऊन थेट शेजारच्या मंडपात शिरली. तिथल्या बायकांनी ओवाळून घेतलंसुद्धा. महेबूबभाई सांगतात की घोडी फक्त दोन पावलं सरकली. सांगू द्या. त्यांचं तोंड तेव्हा पानानं भरलेलं होतं, नीट दिसलं नसेल.

मग त्यांनी नवं पॅड घेतलं, माझ्यापेक्षा बारीक, माझ्यापेक्षा उजळ. मी कपाटात गेलो. जुन्या ॲम्प्लिफायरच्या खाली तीन वर्षं पडून राहिलो. एक पाल माझ्या पाठीवर संसार करून गेली. तिची तीन पोरं मी वाढवली म्हणायला हरकत नाही.

तीन वर्षांनी, भर पावसाळ्यात, कपाट उघडलं ते सुमनबाईंमुळं.

सुमनबाई म्हणजे पुसेगावच्या. वय बावन्न-त्रेपन्न, नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली, कारण हिंगोलीला गाडी बदलून आल्या होत्या आणि दोन्ही गाड्यांनी त्यांना चिखलात उतरवलं होतं. त्यांचे मालक संतराम हे महेबूबभाईंच्या अब्बांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या पखवाजाची पुडी अब्बांच्या हातची.

महेबूबभाईंनी आधी तेच विचारलं. "पुडी सैल झाली का वैनी?"

"पुडी बराबर हाय," सुमनबाई म्हणाल्या. "माणूस सैल झाला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांमागं सोयाबीनच्या मळणीत यंत्राच्या पट्ट्यानं संतरामचा उजवा हात ओढला. करंगळी गेली, बाकीची बोटं वाकली ती सरळ झाली नाहीत. पखवाजाच्या उजव्या तोंडावर सगळा खेळ बोटांचा असतो. त्या दिवसापासून पखवाज गवसणीत घालून खुंटीला टांगला गेला. दर गुरुवारी मारुतीच्या देवळात बायांचं भजन बसतं, आणि भजन बसायच्या टायमाला संतराम शेताची वाट धरतात, शेतात काही काम नसलं तरी. ताल धरायला कुणी नाही म्हणून भजन कसंही पळतं. देवळाच्या कमिटीनं सांगून ठेवलंय की औंदा दसऱ्यानंतर जवळा बाजारला भजनाची स्पर्धा आहे, तिथं मंडळ उतरलं तर ठीक, नाहीतर गुरुवारची पाळी दुसऱ्यांना.

"तर असं काहीतरी द्या," सुमनबाई म्हणाल्या, "ज्याला बोटं लागत न्हाईत. पाळी तर राखायचीच हाय. पन महेबूबभाई, खरं सांगू का, त्यायच्या कानावर ताल पडाया पाहिजे. दोन वर्स झाली, घरात नुसती भांडी वाजून राहिली."

महेबूबभाईंच्या हातात सोल्डरिंगची तापलेली सळई होती, वायरीला डाग देत होते. ती बाजूला ठेवली. मग उठून कपाट उघडलं, माझ्यावरची धूळ बनियनच्या टोकानं पुसली आणि मला गल्ल्यावर ठेवलं.

"याला बोटं लागत न्हाईत वैनी. ध्यान लागतं."

ते शिकवणं काही विचारू नका. महेबूबभाईंनी स्टँडचे पाय फाकवून दाखवले, मला वर बसवून कडेचे स्क्रू आवळून दाखवले, आणि मग एकच गोष्ट चार वेळा म्हणवून घेतली: आधी आवाजाचं बटन शून्यावर, मग वायर, मग चालू करायची कळ, पाटीवर आकडा आला की मग हळूहळू आवाज वाढवायचा. उलटं केलं तर स्पीकर असा दणका देईल की पुसेगावच्या देवळातली कबुतरं वारंग्याला येऊन बसतील. सुमनबाई मान डोलवत होत्या. मला कळत होतं की यातलं निम्मं हिंगोलीच्या स्टँडवरच सांडणार आहे.

पण मी त्यांना ओळखलं नव्हतं. गाडीत मांडीवर मला धरून बसल्या आणि ओठातल्या ओठात काहीतरी जुळवायला लागल्या. गावात शिरेपर्यंत ओवी तयार होती. दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओसरीवर सगळ्या मंडळानं ती म्हणून पाहिली:

*आधी त्याचे पाय फाकवा, मग आवळा कान,*
*आवाजाचं बटन बाई, शून्यावर आन.*
*मग लावा वायर त्याला, मग दाबा कळ,*
*एकतीस दिसला म्हंजे आलं त्याच्यात बळ.*

वरातीच्या सात वर्षांत मला कुणी ओवी म्हणून उभं केलं नव्हतं. महेबूबभाई तर मला लाथेनंच सरळ करायचे.

मंडळात बाया नऊ. त्यांतल्या दोघी तुम्हाला माहीत असाव्यात. संगिता पेटी वाजवते आणि पेटीपेक्षा मोठ्यानं रागावते. दिपा टाळ धरते, वयानं सगळ्यांत लहान, आणि हसायला लागली की टाळ विसरते. कुठल्या घरात कोणता आवाज आहे हे लक्षात राहावं म्हणून दिपानंच आपल्या पाकिटातल्या टिकल्या काढून माझ्यावर चिकटवल्या. हिरवी, पिवळी, चंदेरी, एक सापाची नागमोडी. सहाव्या घरावर लावली सगळ्यांत मोठी, लाल. कारण सहाव्यात घूम होती, पखवाजाच्या डाव्या तोंडाची, पोटातून येणारी. बाकीच्या सातांनी कितीही तडतड केली तरी समेवर तीच लागते.

पहिल्या दिवशी सुमनबाईंनी मला धोपटण्यानं गोधडी धोपटावी तसं धोपटलं. माझ्यात एक आकडा असतो, किती जोराच्या माराला किती आवाज काढायचा ते ठरवणारा. महेबूबभाईंनी फोनवर सांगून सांगून तो आकडा इतका खाली आणायला लावला की हत्ती नाचला तरी मी खाकरलो नसतो. सुमनबाईंच्या हाताला तोच बरोबर बसला.

आरतीचं मघाशी म्हणालो ते याच दिवसांतलं. दिपानं आकड्याची कळ एकदा जास्त दाबली. पाटीवर बत्तीस. आरती ऐन भरात आली आणि सुमनबाईंनी समेवर काठी टाकली, तर मारुतीसमोर पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजला. देवळामागं पत्ते खेळत बसलेले चौघं पत्ते तिथंच टाकून उसातून पळाले, त्यातला एक अजून सापडला नाही असं म्हणतात. बरं, सापडला. पण संध्याकाळी. दिपा इतकी हसली की संगितानं तिचा टाळ काढून घेतला.

आता घरातलं सांगतो.

देवळात सराव आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस सुमनबाई घरी, जेवणं झाल्यावर, ओसरीच्या कोपऱ्यात मला मांडायच्या. तिथंच बाजेवर संतराम दुपारचे पडलेले असायचे, तोंडावर टॉवेल. मला घरात आणलं तेव्हा ते एकदाच बोलले होते, "रबराचं खोकं." त्यानंतर माझ्याकडं बघितलं नव्हतं. म्हणून सुमनबाई हेडफोन लावून वाजवायच्या. मी काढलेला सगळा आवाज त्यांच्या एकटीच्या कानात. बाहेर ऐकू येणार ती फक्त काठी रबरावर आपटल्याची टकटक. ऐकायला अगदी दरिद्री आवाज. कुणी चणे मोजतंय असं वाटावं.

चार दिवस टॉवेल हलला नाही. पाचव्या दिवशी टॉवेलाखालून आवाज आला.

"चौथी मात्रा खाऊन राहिली तू."

सुमनबाईंनी हेडफोन काढला. "काय म्हनलात?"

"काही न्हाई."

दुसऱ्या दिवशी परत तेच. "चौथी." तिसऱ्या दिवशी संतरामचा डावा पाय बाजेच्या पट्टीवर हलायला लागला. टकटक चुकली की पाय थांबायचा, सुधारली की चालायचा. आठवडा गेला तशा सुमनबाई सफाईनं वाजवायला लागल्या, चूक होईना. टॉवेलाखालचं बोलणंही बंद झालं. एक दुपार अशीच मुकी गेली.

त्याच्या दुसऱ्या दुपारी सुमनबाईंनी चौथी मात्रा खाल्ली. थोड्या वेळानं परत खाल्ली. माझ्यासारख्या मुरलेल्या खोटारड्याच्या ते लगेच ध्यानात आलं. काठी बरोबर वर उचलली जात होती, आणि मुद्दाम अडवून धरली जात होती. टॉवेल बाजूला झाला. संतराम उठून बसले आणि म्हणाले, "किती सांगावं एखाद्या मानसाला," आणि तोंडानं बोल म्हणून दाखवले. सुमनबाई मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांचं तोंड मला दिसत होतं, संतरामला दिसत नव्हतं. बरं झालं दिसलं नाही.

पण पखवाज खुंटीलाच होता. दर गुरुवारी सकाळी सुमनबाई मूठभर गव्हाची कणीक मळून तिचा गोळा पखवाजाखालच्या फळीवर ठेवायच्या. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापावी लागते, तेव्हा त्यातून घूम निघते. लग्न झाल्यापासून गुरुवारचा गोळा त्यांच्याच हातचा, आणि संतरामचा हात गेल्यावरही त्यांनी तो बंद केला नाही. संतराम त्याच्यासमोरून शेताला निघून जायचे. संध्याकाळी गोळा गाईच्या तोंडात. गाय मात्र गुरुवारची वाट बघायला शिकली होती.

असे आम्ही खंडेनवमीला येऊन पोचलो.

खंडेनवमीला अवजारांची पूजा. विळे, खुरपी, पांभर, संगिताची पेटी, दिपाचे टाळ, आणि पाटावर मधोमध मी. हळद, कुंकू, झेंडूचा हार. एवढा मान मला कारखान्यातही मिळाला नव्हता, मी फुगून बसलो होतो. नारळ फोडायचा मान घरच्या मालकाचा. संतरामनी डाव्या हातात दगड घेतला, उजव्या वाकड्या बोटांत नारळ धरला. पहिल्या घावाला नारळ तडकला आणि त्यांच्या बोटांतून निसटला. सगळं पाणी माझ्या छातीवर. लाल टिकलीच्या कडेनं ते आत उतरताना मला कळत होतं.

निसटला की सोडला, हे संगितानं पुढं पंधरा दिवस चघळलं. मी जवळून बघितलं आहे. निसटला. संतरामचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा पडला होता.

स्पर्धा परवावर आलेली. फोनवर महेबूबभाई म्हणाले कळ अजिबात दाबू नका, कोरड्या जागी ठेवा, मी सकाळी येतो. कुणीतरी ऐकून होतं की भिजलेलं यंत्र तांदळात पुरलं की पाणी ओढून घेतं. एवढे तांदूळ कुणाच्या घरात असणार? सुगीचे दिवस, ओसरीवर सोयाबीनचा ढीग होता. मला त्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलं. सकाळी महेबूबभाई मोटारसायकलवरून उतरले, मला शोधायला त्यांना ढीग उकरावा लागला. माझ्या पोटातून त्यांनी सात दाणे काढले, त्यांतल्या एकाला मोड आला होता. चला, मोडाचं सोडून द्या. दाणे सातच होते.

त्यांनी मला उघडलं, पुसलं, फुंकलं, उन्हात धरलं. कळ दाबली. सात घरं बोलली. सहावं गप्प.

"आतला सेन्सर गेला वैनी. नांदेडहून मागवावा लागंल, अन् आज दसरा, दुकानं बंद. पन तकलीफ घेऊ नका. घूम सातव्या घरात टाकून देतो."

आणि टाकली. दोन मिनिटांचं काम. आवाज कुठलाही कुठंही राहायला जातो. अडलं ते दुसरीकडं. सुमनबाईंचा हात तीन महिने लाल टिकलीवर पडून तयार झाला होता. सातव्याकडं वळव म्हटलं की वळायचा, आणि भजनानं वेग घेतला की परत सहाव्यावर. टक. दुपारभर तेच. टक. समेवर जिथं जमीन हलायची तिथं नुसती टक. दिपानं लाल टिकली काढून सातव्यावर लावून पाहिली, तरी तेच. शेवटी सुमनबाईंनी काठ्या माझ्यावर ठेवल्या आणि म्हणाल्या की जाऊ द्या, उद्या न्हाई जात आपन. महेबूबभाईंनी सगळ्यांच्या हातात आपट्याचं सोनं दिलं, अंगणात बसलेल्या संतरामच्या हातात दिलं, आणि मोटारसायकल न काढता तिथंच मुक्कामाला राहिले.

सकाळी सुमनबाई चुलीपुढं होत्या. काळीपिवळी जीप दहाला सांगितलेली होती, तिला नको म्हणून कळवायचं होतं. संतराम आंघोळ करून आले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबले.

"कनीक मळली का?"

सुमनबाई वळल्या नाहीत. "आज कुठं गुरुवार हाय?"

"मी वार न्हाई विचारला."

तव्यावरची भाकर करपल्याचा वास मला ओसरीवर आला. त्या घरात भाकर करपलेली मी तेव्हाच पाहिली.

जवळा बाजारला मंडप भरलेला होता. आमचा नंबर पुकारला. साउंडवाला गडी मला जोडायला पुढं आला, तर संगितानं त्याला हातानं थांबवलं, आणि नऊ बायांनी ओठांत ओवी म्हणत मला उभं केलं. पाय, कान, शून्य, वायर, कळ. एकतीस. गडी तोंडावर हात ठेवून हसत होता, पण शून्यावरून आवाज वर नेल्यावर साधी खरखरही आली नाही तेव्हा हसायचा थांबला. सुमनबाईंनी दिपाला सांगून लाल टिकली परत सहाव्यावर लावून घेतली होती, मेलेल्या घरावर.

त्यांच्या डाव्या अंगाला संतराम बसले. पखवाज मांडीवर, डाव्या तोंडावर ताजी कणीक थापलेली. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. उजवं तोंड नुसतं लोकांकडं बघत होतं.

भजन सुरू झालं. सात घरांतली कामं मी केली, बोटांची सगळी नक्कल, तिट काय अन् ता काय. समेवर सुमनबाईंची काठी सवयीनं लाल टिकलीवर पडली, आणि त्याच क्षणाला शेजारी संतरामचा तळवा पडला.

घूम.

समोरच्यांना वाटलं मीच. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर खरा आवाज जमा होत होता. तो माझाच असल्यासारखं दाखवत मी गप्प उभा होतो. काय सांगू, कारखान्यात घोटलेल्या तीस वेगवेगळ्या घुमा माझ्या पोटात आहेत, पण कणकेचा वास असलेली त्यांत एक नाही. पुढं भजन चढलं, संगितानं सूर वर नेला, आणि एका जागी तळवा केसभर उशिरा आला. सुमनबाई समोर बघत, ओठ न हलवता म्हणाल्या, "चौथी खाल्ली."

संतरामच्या खांद्यापासून हसू निघालं ते हातात उतरलं. त्यानंतरची घूम मंडपाच्या खांबांनी ऐकली.

नंबर आला नाही. पहिला आला म्हणून सांगायची सवय माझ्या जिभेवर येऊन बसली आहे, पण कबूल केलंय. उत्तेजनार्थ मिळालं, स्टीलचा तांब्या. कमिटीनं तांब्या बघितला आणि गुरुवारची पाळी राखली.

दिवाळी झाल्यावर महेबूबभाई आले. खिशात नांदेडहून आणलेला नवा सेन्सर, कागदाच्या पुडीत. वार गुरुवारच होता. सुमनबाईंनी चहा ठेवला. महेबूबभाईंनी मला ओसरीवर उताणं घेतलं, स्क्रू काढले, सहाव्या घराचा तळ उघडा केला. जुना काढला. नवा जागेवर धरून पाहिला. हातमोज्यातल्या बायांनी बसवला होता त्याच्याइतका चपखल बसत होता, एक केसाचं अंतर नाही. मला आतून गुदगुल्या झाल्या.

संतराम बाजेवर बसून बघत होते. "काहून थांबला महेबूब? बसव की. आता सुमनला आठी घरं मोकळी होतील. माजं काम संपलं."

हसत म्हणाले, पण हसू डोळ्यापर्यंत गेलं नव्हतं. आत चहाचा चमचा वाजायचा थांबला.

महेबूबभाईंनी मान वर केली. समोर फळीवर कणकेचा गोळा होता, ओल्या फडक्याखाली. खुंटी मोकळी होती, पखवाज खाली काढून भिंतीला उभा केलेला, गवसणीशिवाय. महेबूबभाईंनी सेन्सर उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

"चुकीचा दिला साल्यानं," ते म्हणाले. "याच्यात बसत न्हाई हा. दादा, तुमालाच करावं लागंल काम."

आणि पुडी बांधून खिशात टाकली. संतराम कितीतरी वेळ त्या खिशाकडं बघत होते. मग म्हणाले, "दुसरा मिळंल का?"

"हे मॉडेल जुनं झालं दादा. आता मुश्कील हाय."

सुमनबाई चहा घेऊन बाहेर आल्या. महेबूबभाईंच्या कपात साखर दुप्पट होती. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि सगळा पिऊन टाकला.

आजही मी त्याच ओसरीवर आहे. टिकल्या दोनदा बदलल्या, लाल मात्र मूळचीच आहे, कडा उचलल्यात. गुरुवारी ओवी म्हणून मला देवळात उभं करतात आणि शेजारी पखवाज बसतो. गाईला गुरुवार आता समजत नाही, गोठ्यातून हंबरत राहते. मी हयातभर खोटं बोलत आलो, घोड्याचं, बंदुकीचं, सतरा प्रकारच्या ढोलकीचं, पण त्या दुपारी महेबूबभाई बोलले तसलं मला कधी जमलं नाही.

एकच मागणं आहे. कधी पुसेगावला आलात, गुरुवार असला, तर देवळात या, ऐका. काही जाणकार भजन संपल्यावर जवळ येतात, लाल टिकलीवर बोट दाबून बघतात आणि म्हणतात, अहो हे एक घर मेलंय, साधा सेन्सर बदला, कुठंही मिळतो. तुम्ही तेवढं म्हणू नका. आणि संतरामनी विचारलंच, तर सांगा की मॉडेल जुनं आहे, बसत नाही.